मागचं चाक

अजितला वडिलांमागे दोन गोष्टी मिळाल्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं दोन लेथचं वर्कशॉप आणि १९९४ सालची यामाहा आरएक्स १००. दोन्ही जुन्या, दोन्ही चालू, आणि दोन्हींबद्दल त्याची तक्रार एकच: पूर्वीचा जोर राहिला नाही.

गाडीचं दुखणं त्याला जास्त लागायचं. कोल्हापुरात आरएक्सची किंमत कागदावरच्या आकड्यांवरून कोणी करत नाही. टू-स्ट्रोक इंजिन अवघं ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर. पण गाडीचं वजन शंभर किलोंच्या आसपास, त्यामुळे मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं. १९८५ साली ती भारतात आली, १९९६ साली बनायची थांबली, आणि अजूनही चांगली राखलेली आरएक्स विकायला निघाली की तिच्यासाठी रांग लागते. अजितचे वडील याच गाडीवर पन्हाळ्याला जायचे. वाघबीळच्या पुढचा चढ ते तिसऱ्या गिअरात काढायचे, मागे बायको आणि पुढे टाकीवर लहानगा अजित. आता अजित एकटा असला तरी त्याच चढावर गाडी धापा टाकायची आणि दुसरा गिअर टाकावा लागायचा.

त्यानं उपाय केले नव्हते असं नाही. दोस्तांनी सांगितलं म्हणून सायलेन्सरची पुंगळी काढून टाकली. एका गॅरेजात दुसऱ्या गाडीचा मोठा कार्बोरेटर बसवून घेतला, एअर फिल्टरचा डबा काढून तिथं स्पंजचा उघडा फिल्टर लावला. खर्च पंधरा हजारांच्या पुढं गेला. गाडीचा आवाज असा वाढला की गल्लीतली कुत्री उठायची, आणि अजितला वाटलं की गाडी सुटली. दोन आठवड्यांनी पन्हाळ्याला गेला तर चढावर आधीपेक्षा वाईट. आवाज म्हणजे वेग हा समज आपल्याकडं फार खोल रुजलेला आहे, आणि त्यापायी कितीतरी चांगली इंजिनं वाया गेली आहेत.

शेवटी तो दत्तू मिस्त्रींकडं गेला. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, भिंतीवर पान्हे, कोपऱ्यात रॉकेलचा डबा. वडिलांच्या काळात गाडी त्यांच्याकडंच असायची.

"मिस्त्री, पोर्ट घासायचाय," अजित म्हणाला. "हेड पण उतरवून द्या. लेथ माझाच हाय, किती मिलिमीटर कापायचं तेवढं सांगा. पैशाचं बघू नका."

मिस्त्रींनी गाडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "वडिलांच्या वेळी पोर्ट घासला होता?"

"नाही."

"मग तवा कशी पळत होती?"

अजितला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याहून पार्टी विचारत होती, शाफ्टचा माल का आला नाही. अजितनं चार दिवसांचा वायदा केला आणि फोन ठेवत वैतागून म्हणाला, "आमच्याकडं आबा आहेत ना टर्नर, वडिलांच्या वेळचे. हात चालत नाही आता त्यांचा. दिवाळी झाली की नवा माणूस बघतो."

मिस्त्री त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी डबल स्टँडला लावली, न्यूट्रल केली आणि म्हणाले, "मागचं चाक फिरीव."

अजितनं जोरात चाक फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि चाक थांबलं.

"आता सांग, तुझं इंजिन कुणाशी भांडतंय? चढाशी का ब्रेकशी?"

चाक काढलं. ब्रेकचा कॅम कोरडा पडून गंजला होता. पाय उचलला तरी लायनर ड्रमला घासतच राहायचे. म्हणजे अजित इतके दिवस ब्रेक दाबून गाडी चालवत होता आणि ताकद कमी पडते म्हणून इंजिनवर पैसे ओतत होता. कॅम घासून साफ केला, ग्रीस लावलं, स्प्रिंगा बदलल्या. चाकाचं एक बेअरिंग खरखरत होतं, तेही बदललं. चेन वाळून ताणलेली होती. तिला तेल दिलं आणि मधोमध इंचभर ढील ठेवली. टायरमध्ये हवा निम्मीच होती. एवढं झाल्यावर मिस्त्रींनी पुन्हा चाक फिरवायला लावलं. हात काढला तरी चाक फिरत राहिलं.

अजितला वाटलं, आता इंजिन. पण मिस्त्री क्लचवर आले. केबल इतकी ओढून बसवली होती की लिव्हरला जराही मोकळीक नव्हती. त्यामुळं क्लच पूर्ण धरायचाच नाही. मूठ पिळली की इंजिन किंचाळायचं आणि चाकापर्यंत जोर पोचायचा नाही. चौथ्या गिअरात आवाज चढतो पण वेग चढत नाही, अशी तक्रार असेल तर आधी तिथं बघायचं. केबल सैल केली. प्लेटा अजून चांगल्या होत्या, म्हणून बदलल्या नाहीत.

"तुझा मूळचा कार्बोरेटर कुठाय?"

"घरी. माळ्यावर."

"आण जा. पुंगळी पण आण, टाकली नसशील तर."

मोठ्या कार्बोरेटरचं गणित मिस्त्रींनी हाताच्या तळव्यावर बोट फिरवून समजावलं. तोंड मोठं झालं की कमी फेऱ्यांवर आतून जाणाऱ्या हवेचा वेग पडतो, आणि वेग पडला की ती पेट्रोल नीट ओढत नाही. चढावर नेमक्या फेऱ्या कमी असतात, म्हणून गाडी तिथंच मरते. मूळ कार्बोरेटर धुऊन, जेट फुंकून, फ्लोटची उंची बघून बसवला. मग मिस्त्रींनी अजितला मूठ पूर्ण पिळायला सांगितलं आणि स्वतः कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघितलं. स्लाइड पाऊण भागच वर येत होती. मूठ झिजली होती, केबल ताणली होती. या गाडीनं पूर्ण मूठ कित्येक महिन्यांत पाहिलीच नव्हती. नवी मूठ आणि नवी केबल, एवढाच खर्च. ऑइल पंपाची खूणही त्याच वेळी मुठीशी जुळवून घेतली. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ती खूण चुकली की एकतर धूर होतो, नाहीतर पिस्टन कोरडा पडतो.

प्लग काढला तर टोक पांढरट होतं. निरोगी प्लग विटकरी रंगाचा असतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि इंजिन तापतंय. उघडा फिल्टर आणि काढलेली पुंगळी यांचा तो हिशेब होता.

पुंगळी मात्र अजितनं टाकली नव्हती. मिस्त्रींनी ती उजेडाकडं धरली. काजळीनं चोंदून पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"ही काढल्यावर दोन दिवस गाडी मोकळी वाटली असंल," ते म्हणाले. "वाटणारच. चोंदली होती म्हणून. पण ती साफ करायची होती रं, काढायची नव्हती."

इथं थोडं थांबायला हवं, कारण आरएक्सवाल्यांची सगळ्यात मोठी चूक हीच आहे. फोर-स्ट्रोकचं सायलेन्सर बहुतांशी आवाज दाबण्यासाठी असतं; टू-स्ट्रोकचं सायलेन्सर इंजिनचाच भाग असतं. या इंजिनात जळलेला धूर जाण्याची वाट आणि ताजं मिश्रण येण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात. धुराबरोबर ताजं पेट्रोलही बाहेर निसटू बघतं. सायलेन्सरच्या आतला निमुळता होत जाणारा भाग दाबाची एक लाट मागं फेकतो आणि ती निसटणारं मिश्रण सिलिंडरात परत लोटते. ही लाट नेमक्या वेळी पोचावी म्हणून पाइपची लांबी, पोट आणि शेवटची पुंगळी ठरवलेली असते. त्यातला एक तुकडा काढला की आवाज सुटतो आणि जोर हवेत जातो. त्यावर पोलिसांचा दंड वेगळा.

मिस्त्रींनी पुंगळी आणि सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात भिजवून, जाळून, ठोकून साफ केले. बॅरल उतरवलं. एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला काजळीचा थर इतका जमला होता की भोक मूळच्यापेक्षा लहान दिसत होतं.

"तुला पोर्ट मोठा करायचा होता न्हवं?" मिस्त्री म्हणाले. "घे, कर."

त्यांनी अजितच्या हातात धार मारलेली बांबूची पट्टी दिली. लोखंडी हत्यार ॲल्युमिनियमला ओरखडतं म्हणून हेड आणि पिस्टनवरची काजळी बांबूनंच काढायची, असा त्यांचा दंडक. अजित दुपारभर काजळी खरवडत बसला. संध्याकाळी पोर्ट जसा कारखान्यातून आला होता तसा दिसायला लागला.

बॅरल झिजलेलं नव्हतं. रिंगा मात्र गेल्या होत्या. बॅरलमध्ये सरळ बसवून फिलर गेजनं गॅप मोजला तो बराच वाढला होता. रीड व्हॉल्व्हच्या एका पाकळीचा कोपरा उडाला होता, म्हणून गाडी सकाळी दहा किका मागायची. क्रँकची मॅग्नेटोकडची ऑइल सील कडक होऊन हवा ओढत होती. तीन गोष्टी बदलल्या. हेड कापलं नाही.

पैसे देताना अजित दोनदा हिशेब विचारत होता, कारण बिल मोठ्या कार्बोरेटरच्या किमतीएवढंही नव्हतं.

रविवारी पहाटे तो पन्हाळ्याला निघाला. वाघबीळला वळून चढ लागला तेव्हा सवयीनं डावा पाय दुसरा गिअर टाकायला हलला, आणि तिथंच राहिला. गाडी तिसऱ्या गिअरातच चढत होती. आवाज कमी होता, इतका की वळणावर समोरून येणाऱ्या एसटीचा आवाज त्याला आधी ऐकू आला आणि तो बाजूला सरला. ब्रेकही आता दाबला की लागत होता आणि सोडला की सुटत होता. नव्या ताकदीचा एक थेंबही त्या गाडीत कोणी घातला नव्हता.

परत येऊन त्यानं मिस्त्रींना विचारलं, "आता पोर्ट घासला तर अजून किती पळंल?"

"पळंल की. वरच्या फेऱ्यांवर पळंल. एक्झॉस्टची कड वर नेली की वर जोर येतो आणि खालचा जातो. रेसला चालतं ते. तू पन्हाळ्याला जाणार, बाजारला जाणार. हेड कापलंस तर उष्णता वाढंल, उन्हाळ्यात पिस्टन चिकटंल. तुझ्यात कुठला जोर कमी हाय सांग, मग बघू."

अजितनं बराच विचार केला आणि कुठला जोर कमी आहे ते त्याला सांगता आलं नाही.

सोमवारी वर्कशॉपात गेल्यावर तो केबिनमध्ये बसला नाही. स्टूल घेऊन आबांच्या लेथपाशी बसला. आबा जरा बावरले. पण काम चालू ठेवलं. शाफ्ट चकमध्ये धरला, एक कट घेतला, मशीन थांबवलं, व्हर्नियर लावला आणि तो घेऊन दारापर्यंत उजेडात गेले. माप वाचून परत आले. पुन्हा कट, पुन्हा दार. अजितनं वर पाहिलं. लेथवरची ट्यूबलाइट बंद होती.

आबा कट फार बारीक घेत होते. एका फेरीत निघेल तेवढा धातू तीन फेऱ्यांत काढत होते. अजितनं विचारलं तर त्यांनी काही न बोलता टूल थोडा आत घेऊन दाखवला. लगेच पट्टा सरकला आणि चक मंदावला. टूलला धार लावायची वेळ आली तेव्हा आबा शेजारच्या शेडमध्ये गेले, कारण इथल्या ग्राइंडरचा दगड झिजून गोल झाला होता. तिकडं दुसऱ्याचं काम चालू होतं, म्हणून थांबून राहावं लागलं.

"आबा, मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की, अजितराव," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "लाइटचं दोनदा, पट्ट्याचं एकदा. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात बघू."

त्याच महिन्यात अजितनं मोठा कार्बोरेटर घेतला होता.

ट्यूबलाइट दुपारीच लागली. पट्टा आणि दगड दुसऱ्या दिवशी आले. शनिवारी अजित आबांना गाडीवर मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. चष्म्याचा नंबर वाढून बरेच दिवस झाले होते. पुण्याचा माल वायद्याच्या दिवशी गेला नाही, एक दिवस उशिरा गेला. त्यानंतरचा मात्र वेळेवर गेला, आणि त्यात एकही शाफ्ट मापाला नापास झाला नाही.

दिवाळीनंतर वर्कशॉपात नवा पोरगा आला. तो आबांच्या हाताखाली काम शिकतो.

तुमच्या दारातही जुनी गाडी असेल आणि ती ओढत नसेल, तर कुठलाही नवा भाग घेण्याआधी तिला डबल स्टँडला लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं फिरवून बघा. मग मूठ पूर्ण पिळून कार्बोरेटरच्या तोंडात डोकवा, क्लचच्या लिव्हरला मोकळीक आहे का ते तपासा, पुंगळी काढून उजेडाकडं धरा. याला पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते. आजचीच काढा.