बंद पत्र्याआडचा रिव्हेट

घरी विमान बांधणं म्हटलं की आपल्याला कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. अमेरिकेत मात्र हा छंद चांगलाच रुळलाय. ॲल्युमिनियमच्या भागांचं किट मागवायचं आणि गॅरेजमध्ये काही वर्षं खपायचं. सुरुवात बहुधा शेपटीपासून होते. हा भाग लहान आणि त्यामानाने स्वस्त. पत्रा बिघडला तर दुसरा मागवता येतो. हात बसतो तो इथेच.

पंख विमानाला उचलतात. शेपटीचा आडवा भाग मात्र बहुतेक वेळ खाली दाबत असतो, म्हणून नाक झुकत नाही. हा भार पेलणारा सांगाडा रिव्हेटांनी जोडलेला असतो. एका बाजूने रिव्हेट गन, दुसऱ्या बाजूने हातात धरलेला पोलादी ठोकळा. मध्ये रिव्हेटचं टोक चेपून चकती होते. ती रिव्हेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्मी जाड हवी. असे शेकडो रिव्हेट मारायचे. मग पत्रा बंद होतो आणि आतले काही रिव्हेट पुन्हा नीट दिसत नाहीत.

समजा, त्यातला एक तिरका बसला. रात्रीचे अकरा वाजलेत. काय कराल?

'कोणी बघो न बघो, काम चोख हवं,' हे आपलं पाठ असलेलं उत्तर. पण रिव्हेट ड्रिलने काढताना भोक मोठं होऊ शकतं, आणि जोड आधीपेक्षा कमकुवत. किंचित तिरका, पण मापात असलेला रिव्हेट तसाच ठेवणं कित्येकदा जास्त सुरक्षित. म्हणजे 'असू दे' असं आळसही म्हणतो आणि शहाणपणही. फरक एवढाच, की शहाणपणाने आधी माप घेतलेलं असतं.

पण ते घेतलं की नाही, हे कोणाला कळणार? उड्डाणाआधी तपासणी होते, पण बंद शेपटीतला रिव्हेट न् रिव्हेट कोणी मोजत नाही. नियमाप्रमाणे विमानात एक पाटी लावावी लागते: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. पाटी वाचून मित्र शेजारी बसतो. त्याने धोका पत्करला, हे खरं. पण कोणता? हौशी हातांच्या मर्यादांचा. 'शंका आली होती, पण झोप येत होती' याला त्याने होकार दिलेला नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही लोक न वाचता 'मान्य आहे' दाबतात आणि आम्ही त्या होकाराची ढाल करतो. मला वाटतं, होकाराने जबाबदारी वाढते. समोरच्याने तपासायचं सोडून विश्वास ठेवला, तेव्हा त्याच्या वाटचं तपासणंही आपल्याकडे आलं.

म्हणून पत्रा बंद करताना एकच प्रश्न पुरे: आतलं सगळं उड्डाणाआधी मित्राला सांगता येईल का? 'एक रिव्हेट तिरका आहे, मोजलाय, मापात आहे' हे सांगता येतं. 'बघितलंच नाही' हे सांगायला जीभ रेटत नाही. तसं असेल, तर पत्रा सकाळपर्यंत उघडा राहू द्यावा.