थांबा म्हणणाऱ्याची बढती

सालवडच्या शिवाजीनगरात भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, तारापूर एमआयडीसीत पाळीने कामाला जाणारी पोरं मोबाइलवर यशस्वी उद्योजकांची भाषणं ऐकतात. जरूर ऐकावीत. हेल्परने ऑपरेटर व्हावं, ऑपरेटरने शिफ्ट इन्चार्ज व्हावं, एखाद्याने पुढे स्वतःचा प्लांटही टाकावा. पण वर चढलेल्याने खालच्याचं ऐकायचं असतं, हे त्या भाषणांत क्वचितच येतं. आणि रसायनांच्या कारखान्यात न ऐकण्याची किंमत जीव देऊन मोजावी लागते.

रिॲक्टरचंच घ्या. काही अभिक्रियांत मुळातच उष्णता निघते. बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरतं, तोवर सगळं आटोक्यात. पाणी कमी पडलं की तापमान चढतं, तापमान चढलं की अभिक्रिया आणखी जोर धरते. आवाज बदलला, वास वेगळा आला, हे पहिल्यांदा कळतं ते शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला. तो बोलेल का? तो ठेकेदाराचा माणूस. बॅच बिघडवली म्हणून उद्या गेटपास बंद झाला तर खोलीचं भाडं कुठून भरायचं, हा हिशेब त्याच्या डोक्यात आधी येतो. म्हणून तो गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्याला आपण शिस्त म्हणतो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर कामगाराने तो थेट व्यवस्थापनाच्या कानावर घालावा आणि मालकाने लगेच उपाय करावा, असं कलम त्यात आलं. कायदा झाला, तरी 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तारापूरच्या याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. तिथे कोणी आधी काही बोललं होतं का, हे मी सांगू शकत नाही. पण बोलणाऱ्याचं रक्षण निव्वळ कलमाने होत नाही, एवढं मी ठामपणे म्हणतो. ते साहेबाच्या वागण्यातून होतं.

खालच्या माणसावर विश्वास टाकणारं असं वागणं मराठी उद्योगाला परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली, तेव्हा शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचं काम सोपवलं. पदवी आणि पूर्वायुष्य बाजूला ठेवून माणसाची पारख करणं, यालाच मी नेतृत्व म्हणतो. सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात हुकूम सोडणं कोणालाही जमतं.

छोट्या कारखानदाराची अडचण खरी आहे. ऑर्डरची तारीख पाळायची, बँकेचा हप्ता भरायचा, त्यात बॅच मध्येच थांबली तर कच्चा माल वाया. तरीही ते नुकसान मालकाने सोसायचं आहे, कारण नफाही त्याचाच असतो. हेल्परने आपल्या रोजीवर ते का घ्यावं?

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. लॉगबुकात तापमान आणि दाबाच्या आकड्यांशेजारी एक रकाना वाढवा: धोका कोणी सांगितला आणि त्यावर काय केलं. तो रकाना ठेक्यावरच्या माणसालाही भरता यावा, त्याच्या भाषेत. लिहिता येत नसेल तर इन्चार्जने त्याच्या नावाने लिहावं. शंका खोटी निघाली तरी त्याचा रोज कापू नये, त्याला कामावरून ब्रेक देऊ नये. आणि पगारवाढीची यादी करताना इन्चार्जचं उत्पादन बघाल, तेव्हा त्याच्या पाळीत हा रकाना वर्षभर कोरा का राहिला, हेही त्याला समोर बसवून विचारा.