मालक तसं उद्दिष्ट

बी.कॉम.ला आम्ही घोकलं होतं : धंद्याचं उद्दिष्ट नफा. परवा जेवताना हेच सुनावलं, तर पापड वाढता वाढता सौ. म्हणाली, "मग लिज्जत?"

खरंच की! १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, ते हाताला काम मिळावं म्हणून. लाटणारीच मालकीण, त्यामुळे नफाही तिच्याच घरी. १९६९ साली १४ बँका सरकारच्या झाल्या आणि नफ्याशेजारी शेतकऱ्याचं कर्जही उद्दिष्ट म्हणून येऊन बसलं. म्हणजे मालक तसं उद्दिष्ट! मी खूश झालो.

आणि मग दुपार आठवली. खिडकीशी पेन्शनवाल्या आजी उभ्या होत्या. बँकेचं उद्दिष्ट सेवा, माझं चहा. मी म्हणालो, "उद्या या."

खिडकीपुरता मालक मीच होतो.

पापड काही घशाखाली उतरेना.