परागंदा झालेल्यांच्या हाताला काम

(प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 18, वचनें 1 ते 3)



क्लौद्य बादशहानें यहूद्यांस रोम सोडण्याचा हुकूम केला, तेव्हां अक्विल्ला व प्रिस्किल्ला हें जोडपें करिंथास आलें. घर गेलें, शेजार गेला. परंतु राहुट्या करण्याचें कसब हातांत राहिलें होतें. पौलही त्याच धंद्याचा. म्हणून तो त्यांच्या घरीं राहिला व त्यांजबरोबर काम करूं लागला.

आपल्या ठाणे जिल्ह्यानेंही असें पाहिलें आहे. 1947 च्या फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेल्या सुमारें एक लाख लोकांस कल्याणनजीकच्या लष्करी छावणींत आसरा मिळाला. 1949 सालीं त्या वस्तीचें नांव उल्हासनगर झालें. ज्यांनीं तेथें पापड विकण्यापासून आरंभ केला, त्यांच्या वस्तींत पुढें बाजार व कारखाने उभे राहिले. शिधा पोट भरतो, पण माणसास उभें करितें तें काम.

भाईंदरच्या इंद्रलोक भागांत आम्ही कांहीं जण अशा लोकांस नोकरीचे अर्ज लिहून देत असतों. भारतानें 1951 चा निर्वासितांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाहीं. त्यांच्यासाठीं निराळा कायदाही नाहीं. त्यामुळें कागद नसलेल्यास पुष्कळ दारें बंद असतात. एके दिवशीं एका बाईस आम्हीं दाखले विचारले. ते मागें राहिले होते. आम्हीं लिहिलें, "शिक्षण नाहीं, अनुभव नाहीं." ती म्हणाली, "साहेब, वीस वर्षें मी शिवणकाम केलें, तें कोठें लिहिलें?" आम्हीं लाजून तो कागद फाडला. देवानें तिच्या हातांत ठेवलेलें दान आम्हीं एका ओळींत पुसून टाकिलें होतें.

मग लिहावें कसें? अनेसिमासाठीं पौलानें फिलेमोनास लिहिलेलें पत्र वाचा. तो पूर्वीं निरुपयोगी होता हें पौल लपवीत नाहीं. आतां उपयोगी झाला आहे असें सांगतो, आणि त्याचें देणें स्वतःच्या नांवावर घेतो. दयेपोटींही खोटा अनुभव लिहूं नये, कारण तें खोटें उघड होतांच शिक्षा त्या गरिबालाच होते. परंतु खरें तें संकोच न करितां लिहावें, आणि त्याच्यासाठीं आपला शब्द पणास लावावा.

उपदेशक बंधूंनो, आपल्यांपैकीं पुष्कळांच्या वडिलांस पहिली नोकरी कोणा मिशनरी साहेबांच्या चिठ्ठीनें मिळाली. त्या चिठ्ठीचें ऋण आपण कोणास फेडणार? दुष्काळानें वा धरणाच्या पाण्यानें घर गेलेलें कुटुंब आपल्या गांवीं आलें, तर प्रथम त्यांची जात वा धर्म विचारूं नका; "तुम्हांस काय येतें?" असें विचारा. तें स्वच्छ अक्षरांत लिहा. मालकाकडे त्यांच्याबरोबर जा. मजुरी ठरल्याप्रमाणें मिळते कीं नाहीं हें महिन्याअखेर पाहा. आणि या मदतीच्या मोबदल्यांत त्यांनीं देवळांत यावें अशी अट मुळींच घालूं नका. सौद्यांत दिलेली दया ही दया नव्हे.

कोणी कामावर लाविलें नाहीं म्हणून दिवस कलेपर्यंत बाजारांत उभे राहिलेल्यांस द्राक्षमळ्याच्या धन्यानें बोलाविलें. तो धनी आज आपल्यालाही विचारीत आहे कीं, तुमच्या चौकांत कोण उभा आहे? त्यास उत्तर देण्याची बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.