जोर तळव्यात

पहाटेचा सरकारी घाट. सांगलीतली रोजची पोहणारी मंडळी अजून यायची आहेत. होडी पाण्यात अर्धी सोडून शेवटच्या कोरड्या पायरीवर बसा. तुम्ही घाटापासून लांब असाल तर घरच्या पाटावर बसलात तरी चालेल. लगेच चढायचं नाही. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या, मोजू नका.

विशी-पंचविशीत तुम्ही याच पाण्यात शर्यतीला उतरला होता. पावसाळ्यात कृष्णा भरली की इथं होड्यांच्या शर्यती होतात. काठच्या गावांचे संघ येतात, आयर्विन पुलाच्या कठड्याशी माणसांची दाटी होते, आणि वल्ही एका ठेक्यात पडू लागली की त्या गलक्यात आपलंच ओरडणं आपल्याला ऐकू येत नाही. तो गलका आठवा. पुरता आठवा. विरायचा तेव्हा तो आपोआप विरेल. मग पुलाकडे बघा. १९२९ सालचा पूल. खांबांना वळसा घालून पाणी सावकाश जातंय.

आता उजवा तळहात उघडा. इथं एके काळी घट्टे होते. आता कातडी मऊ आहे. तळहातावरून मनगटाकडे या, मग कोपराकडे, मग खांद्याकडे. खांद्याशी जरा जास्त वेळ थांबा, कारण बऱ्याच वर्षांनी परतून आलेल्या माणसाचा खांदाच बहुधा आधी तक्रार करतो. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात. मनाला जुना वेग आठवत असतो, स्नायू लगेच होकार देतात, आणि कंडरा दुखायला लागते. हे मी सोसून शिकलोय. म्हणून पहिले दोन महिने शर्यतीचा विचारसुद्धा करू नका असं मी सांगतो.

एक आकडाही ऐकून ठेवा. बैठं आयुष्य असेल तर तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी उतरते. सराव टिकला तर ही घसरण कमी राहते. ऐकून मन खट्टू झालं असेल तर होऊ द्या. ते खट्टू मन सोबत घेऊनच होडीत चढा.

ही एकट्याची कॅनो आहे. एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढं रोवायचा, वल्हं एकाच बाजूला. टेकलेल्या गुडघ्याखाली गादी घ्या. त्यात कमीपणा नाही, शर्यतीतले तरुणही घेतात.

वल्हं पुढं न्या. पातं पूर्ण बुडेपर्यंत थांबा. ओढू नका अजून. पातं पाण्यात रुतलंय, ते आता तिथून हलणार नाही असं धरून चाला. आपल्याला होडी त्याच्यापाशी न्यायची आहे. हात म्हणेल, मी नेतो. त्याला राहू द्या. पुढच्या पायाचा तळवा दाबा. तो दाब मांडीतून कमरेत चढतो, कंबर किंचित वळते, पाठ उलगडते, आणि होडी सरकते. हात या सगळ्यात नुसता ताणलेल्या दोरासारखा असतो.

पुन्हा. पातं रुतू द्या. तळवा दाबा. होडी सरकू द्या.

शेवटी पातं जरासं बाहेर वळवा, म्हणजे होडीचं नाक सरळ राहील. पुन्हा.

विशीत मी हातानंच वल्हवायचो. जोर खालून काढ, असं जुनी माणसं सांगायची. पण हातात इतकी रग होती की खाली जायची गरजच पडली नाही. पंचेचाळिशी ओलांडून परत बसलो तेव्हा हात वीस मिनिटांत थकले, आणि मला पहिल्यांदा पाय सापडले. लांबच्या अंतराचं वल्हवणं खऱ्या अर्थानं इथून सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे.

ठेका लागला असेल तर आता पाण्याकडे या. होडीखालचं पाणी महाबळेश्वराकडून आलंय. धोमच्या धरणात ते अडलं, मग सुटलं. वाई. एक ओढ घ्या. संगम माहुली, तिथं वेण्णा मिळाली. एक ओढ. कराड. इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि दोघी मिळून वळतात. इथं दोन ओढी घ्या. बहे, बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुन्हा एक झालेली धार. भिलवडी. औदुंबर. डिग्रज. मळीतला ऊस, काठावरच्या मोटारी, आणि पुन्हा हा घाट.

या वाटेवर बंधारे आहेत. कराडजवळ खोडशीचा आहे, खाली डिग्रजचा आहे, सांगलीचाही आहे. फुगवट्यात पाणी तळ्यासारखं उभं राहतं आणि बंधाऱ्याशी होडी थांबते. मग उतरायचं, होडी खांद्यावर घ्यायची, काठानं चालायचं, खाली जाऊन पुन्हा पाण्यात सोडायची. मॅरेथॉन कॅनोच्या शर्यतीत तर हे मुद्दाम ठेवलेलंच असतं. इंग्लंडात डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर अशी १२५ मैलांची शर्यत आहे, १९४८ सालच्या एका आव्हानातून उगवलेली. तिच्यात ७७ ठिकाणी होडी उचलावी लागते. आणि या शर्यती फक्त तरुणांच्या नाहीत: वयस्कांच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेचे गट पस्तिशीपासून सुरू होतात आणि सत्तरी ओलांडलेली माणसंही त्यांत असतात.

होडी खांद्यावर असतानाच्या त्या चालण्यापाशी डोळे मिटून थांबा. मधली वीस वर्षं तुम्ही काठानं चालत होता. नोकरी, मुलांची शाळा, आईचं आजारपण. शर्यत सुटली असं तुम्ही धरून चाललात. पण होडी उचलून चालण्याचा वेळ शर्यतीच्या घड्याळात मोजला जातो. ज्या पायांनी ते ओझं वाहिलं, तेच आता होडी पुढं ढकलतायत. त्या तळव्यांकडे थोडा वेळ लक्ष असू द्या.

डोळे उघडा.

नदीला मात्र गृहीत धरू नका. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात माणसांनी भरलेली होडी उलटली. भिलवडी-डिग्रजकडच्या डोहांत मगरी आहेत. तेव्हा आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या, कोयना धरणातून किती विसर्ग चाललाय ते विचारा, लाइफ जॅकेटचे बंद घट्ट बांधा आणि सोबत दुसरी होडी असल्याशिवाय लांब जाऊ नका.

पावसाळा सरला की पाणी निवळतं. तेव्हा या.