जास्तीचा जोर

पारोळ्याला, जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी पोरवयात काम शिकलो. विहिरीवरची डिझेल इंजिनं आमच्याकडं यायची. एका आप्पांचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन खोललं होतं. कॅमशाफ्ट नवा टाकायचा होता, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही. मिस्त्रींनी मला धुळ्याला धाडलं. दुकानात दोन जोड होते: एक त्याच इंजिनाचा, दुसरा जाड तारेचा. मी जाड घेतला. मजबूत ते चांगलं, एवढंच माझं शहाणपण.

मिस्त्री लग्नाला गेलेले, म्हणून मीच बसवायला घेतलं. स्प्रिंग दाबता दाबेना. शेजारी बिडी ओढत बसलेले आप्पा म्हणाले, “पोऱ्या, इतला जोर कसाले?” मी नुसता हसलो.

कॅम व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग तो मिटवते. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेतं तेव्हा कॅमशाफ्ट 750 घेतो. तेवढ्या वेळा प्रत्येक व्हॉल्व्ह उघडतो अन् मिटतो. स्प्रिंग नरम पडली तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागं राहतो. त्याची पाठ सुटू नये इतका जोर असला की भागलं. त्यावरचा जोर जिरत नाही. तो कॅमच्या टोकावर अन् टॅपेटच्या तोंडावर पडतो, मधला तेलाचा थर तुटतो, लोखंड लोखंडाला घासतं. इंजिन मात्र चालूच असतं. ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

गव्हाच्या पाण्याच्या वेळी इंजिन परत आलं. कॅमचं टोक झिजलेलं, टॅपेटला खड्डे. आप्पा आपणहून म्हणाले, “तेल बदलायला मीच उशीर केला.” मी गप्प राहिलो. कापसाचे पैसे त्यांनी दुसऱ्यांदा मोजले.

जाड स्प्रिंग अडाणीपणातून बसली, त्याची माफी असेल. पण त्या गप्प बसण्याला काय म्हणावं? माझ्या चुकीचं ओझं नाहीसं झालं नव्हतं. कॅमवर पडलं तसंच ते आप्पांवर पडलं, अन् तेही त्यांनी मुकाट्यानं घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना सांगितलं. ते बोलले नाहीत. सायकलवर डबलसीट बसवून मला मळ्यात नेलं अन् म्हणाले, आता सांग. मी सांगितलं. पैसे माझ्या पगारातून फिटले.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तेल उशिरा बदललं, हे बी खरंच व्हतं.”

ते खरं होतं, की पोराचं अर्धं ओझं त्यांनी पुन्हा स्वतःच्या खांद्यावर घेतलं, हे मला आजही ठरवता येत नाही.