चालतंय ना?

जुनं इंजिन खोलून पुन्हा बांधायला घेतलं की एखादा भाग जागेवर नसतोच. आधीच्या कुणीतरी तो काढून ठेवलेला असतो, नाहीतर हरवलेला असतो. मग प्रश्न येतो, याच्याविना चालेल का? वरवर हा प्रश्न यंत्राचा आहे. मला तो नीतीचाही वाटतो.

मामाच्या ट्रकचंच उदाहरण घेतो. टाटा १२१०, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. लायनर-पिस्टन बदलायला इंजिन खोललं, तेव्हा थर्मोस्टॅटची जागा रिकामी निघाली. वरचं कव्हर मात्र नीट आवळलेलं. मिस्त्री म्हणाले, "राहू दे की. इतकी वर्षं चालतंयच ना?"

थर्मोस्टॅटचं काम साधं आहे. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट बंद ठेवतो. पाणी साधारण ८० अंशांपर्यंत तापलं की त्याच्या आतलं मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते. तो नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन लवकर तापत नाही. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही. उरलेलं डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. लायनर आणि रिंगा लवकर झिजतात. म्हणजे ज्या झिजेपायी आम्ही इंजिन खोललं, तिच्यात या रिकाम्या जागेचाही वाटा असू शकतो. आणि ट्रक तर रोज चालत होता!

'चालतंय ना' ही कसोटी इथे अपुरी पडते. पिस्टनची रिंग नसेल तर इंजिन लगेच धूर ओकतं. नटाची स्प्लिट पिन नसेल तर नट ढिला होईपर्यंत काही कळत नाही. थर्मोस्टॅट नसेल तर कळायला वर्षं जातात. इंजिन चालू करून बघितलं की फक्त पहिल्या प्रकारची उणीव सापडते. माझ्या कामातही हेच आहे. कोडमधली एखादी जुनी तपासणी काढून टाकली तरी सगळ्या टेस्ट पास होतात. ती ज्या एका वाईट दिवसासाठी लिहिलेली असते, तो दिवस टेस्टमध्ये नसतो.

पण मिस्त्रींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. हलक्या दर्जाचा थर्मोस्टॅट बंद अवस्थेतच अडकला, तर भरल्या गाडीचं इंजिन घाटात तापणार, हेड जाणार आणि शिव्या मिस्त्रींना बसणार. उलट तो नसल्यामुळे इंजिन हळूहळू झिजलं तर त्यांना कुणी बोलणार नाही. दोष कुणावर येईल आणि नुकसान कुणाचं होईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर शोधतो आणि दुसऱ्याचं मिळालं असं समजतो.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाकं? आस? तिथे कोडं 'रथ' या नावाचं आहे. गॅरेजमध्ये ते कोडं पडत नाही. थर्मोस्टॅट नसला तरी ट्रक ट्रकच राहतो. तिथे बघायचं असतं ते त्या ट्रकवर पोट असलेल्या माणसाकडे.

माझ्या मते एखादा भाग वगळायला हरकत नाही, पण दोन अटींवर. तो काय करत होता हे आपल्याला माहीत हवं. आणि ज्याला त्याची किंमत मोजावी लागेल, त्याला ते आधी सांगितलेलं हवं. आम्ही मामाला दोन्ही बाजू सांगितल्या. त्याने बसवायचं ठरवलं. मिस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यातल्या गरम पाण्यात धरला, तो उघडतो हे डोळ्यांनी पाहिलं आणि मगच बसवला.

मामा "नको" म्हणाला असता, तरी तो निर्णय मला मान्य होता. पूर्वी ज्याने थर्मोस्टॅट काढला, त्याच्याकडेही कारण असेल. पण त्याने कव्हर आवळलं आणि आत काही नाही हे कुणालाच सांगितलं नाही. माझी तक्रार आहे ती तेवढ्याबद्दल.